केसभर मागे

"हे कुणी फिरवलं?"

आबांनी विचारलं ते इंजिनात डोकं खुपसूनच, त्यामुळे नेमकं कुणाला विचारलं ते कुणालाच कळलं नाही. गॅरेजच्या दारात सगळं घर गोळा झालं होतं. थोरला सकाळीच बायकोला घेऊन आला होता. धाकटा पिकअपच्या हौद्यात दोरखंड आणि गोणपाटं टाकत होता. आई चहाचे कप घेऊन उभी होती. मधली तेवढी बोनेटच्या दुसऱ्या अंगाला, आबांच्या अगदी समोर होती आणि तिला प्रश्न बरोबर कळला होता. तिच्या हातातलं फडकं हातातच राहिलं.

आबांनी डोकं वर काढलं. "मी विचारतोय, या डिस्ट्रिब्युटरला हात कुणी लावला?"

"कुणी कशाला लावेल?" थोरला म्हणाला. "आबा, उशीर होतोय. आत्या वाट बघत असेल."

"लावलाय. मागच्या रविवारी टायमिंग बसवलं तेव्हा मी खाली सुईनं ओरखडा मारून ठेवला होता. अर्धा डिस्ट्रिब्युटरवर, अर्धा इंजिनावर. दोन्ही मिळून एक रेघ. आता बघा. एक इकडे, एक तिकडे."

कुणी बघायला गेलं नाही. आबांनी रेघ म्हटली म्हणजे रेघ असणारच. चाळीस वर्षं या गॅरेजात त्यांचा शब्द चालत होता. इंजिन चालू करायचं, प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करायचा, तो हाताने हळूहळू फिरवायचा आणि कान लावायचा. ठिणगी किती लवकर पडली पाहिजे, म्हणजेच टायमिंग, ते आबांना इंजिनच सांगायचं. ठिणगी फार लवकर पडली तर चढावर इंजिन आतून खडखडायचं, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं. तो आवाज येईपर्यंत पुढे न्यायचं आणि येईनासा होईपर्यंत मागे आणायचं. मग बोल्ट आवळायचा. लांबून लोक जुन्या गाड्या घेऊन यायचे ते या कानांसाठी.

ही पिकअप मात्र घरची. तिला सगळे ठकी म्हणायचे. घाटावर राहणाऱ्या आत्याला आज ठकीतूनच घरी आणायचं होतं. यजमान गेल्यापासून आत्या एकटी होती. इकडे राहायला यायला ती कशीबशी तयार झाली, पण एका अटीवर: तिचा हातमाग बरोबर आला पाहिजे. थोरल्याने भाड्याचा टेम्पो सांगतो म्हटलं होतं. त्यावर आबांचं उत्तर सगळ्यांना पाठ होतं. "माझी बहीण माझ्या गाडीतून येईल."

मागच्या रविवारी आबांचं टायमिंग बसवून होताच धाकटा माग सोडवून ठेवायला म्हणून ठकी घेऊन निघाला आणि अर्ध्या घाटातून परत आला. इंजिन तापून वाफा निघत होत्या. तेव्हापासून घरात दोन पक्ष पडले होते. थोरला म्हणत होता, गाडी भंगारात द्या. आबा म्हणत होते, गाडीला काही झालेलं नाही, चालवणाऱ्याचा पाय जड आहे. आणि आज त्या जड पायाच्या जोडीला एक हातही सापडला होता.

"तूच ना रे?" आबा धाकट्याकडे वळले. "गाडी तापली म्हणून तूच काहीतरी केलंस."

धाकट्याने मधलीकडे एकदाच पाहिलं. "हो," तो म्हणाला. "मीच फिरवलं."

"कशासाठी?"

"असंच. बघत होतो."

"असंच!" आबांनी पाना बोनेटच्या कडेवर आपटला. "पाना धरायची अक्कल नाही आणि टायमिंगला हात! सात वर्षं ट्रॅक्टरच्या दुकानात टायर बदलले म्हणजे मिस्त्री झालास होय?"

धाकटा हौद्यातला दोरखंड गुंडाळत राहिला. तो तसाच होता. लहानपणी बरणी कुणीही फोडो, मार खायला तो पुढे. मधलीने तोंड उघडलं आणि मिटलं. आता सांगितलं तर सगळंच सांगावं लागणार होतं. एवढीशी गोष्ट नव्हती ती. आणि आज घाट चढायचा होता. आबांनी आता परत आपल्या कानाने बसवलं आणि ठकी तशीच निघाली, तर मागच्या रविवारसारखंच होणार, किंवा त्याहून वाईट. खडखडत चढ चढलेल्या इंजिनाचा पिस्टन फुटायला वेळ लागत नाही.

तिचं गप्प राहणं तिला स्वतःलाच टोचत होतं. तरी ती गप्प राहिली.

"त्यानं नाही फिरवलं," आई म्हणाली.

तिने चहाचे कप कामाच्या टेबलावर ठेवले, पदराला हात पुसले आणि आबांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. अलीकडे आबांशी बोलायचं तर ती अशीच समोर जायची. कुणाच्या ते ध्यानात आलं नव्हतं. मधलीच्या आलं होतं.

"तुमच्या लेकीनं फिरवलं. तुम्ही जेवून आडवे होता ना, तेव्हा. मी खिडकीतून बघते रोज."

"रोज?" आबा म्हणाले.

"वर्ष होत आलं."

हौद्यातल्या धाकट्याने हातातली दोरी खाली ठेवली. आबांनी मधलीकडे पाहिलं. ती त्यांच्या नजरेला नजर देऊ शकली नाही, पण मान खाली घालून उभं राहणंही तिला जमेना. शेवटी ती इंजिनाकडे बघत राहिली.

"कशासाठी?" आबांनी विचारलं. हाच प्रश्न त्यांनी मघाशी धाकट्यालाही विचारला होता, पण आता आवाज बारीक झाला होता.

"तुम्ही पुढे ठेवता," मधली म्हणाली. "खडखड राहते."

"खडखड राहत नाही. मी काढतो ती."

"राहते, आबा. तुम्हाला ऐकू येत नाही."

झालं. वर्षभर तोंडात धरून ठेवलेला शब्द सुटला. सुटल्यावर आपल्याला हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

पहिला पेटला तो थोरला, आणि तोही भलत्याच बाजूने. "म्हणजे तुम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना वर्षभर फसवलंत?" तो आईकडे आणि बहिणीकडे आळीपाळीने बघत म्हणाला. "माणूस मन लावून काम करतो, हात धुऊन जेवायला बसतो, आणि मागे तुम्ही त्याचं काम पुसून टाकता? ही काय पद्धत आहे? डॉक्टरकडे न्यायचं सोडून?"

"तुला आत्ता पुळका आला?" आई म्हणाली. "कालपर्यंत गाडीसकट गॅरेज भंगारात घालत होतास."

"गाडी वेगळी, आबा वेगळे!"

"तुला वेगळे वाटतात. कारण तू महिन्यातून एकदा येतोस."

वहिनीने थोरल्याचा दंड धरला. "अहो, फोन केला की आबा उचलत नाहीत, म्हणून तुम्हीच चिडता ना? मी तुम्हाला तेव्हाच म्हटलं होतं." थोरला तिच्यावरही उखडणार होता, पण तिचं म्हणणं खरं होतं. हाताची घडी घालून तो भिंतीला टेकला. ज्याला बाप आणि गाडी एकाच वजनकाट्यावर नको होते, त्याला आता नेमकं कुणाच्या बाजूने बोलावं तेच कळेना.

आबा या सगळ्यात नव्हतेच. त्यांनी पाना जागेवर ठेवला, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि मागच्या खोलीत निघून गेले. तिथे सुटे भाग ठेवायची फडताळं होती आणि एक लाकडी बाकडं.

"जा," आई मधलीला म्हणाली.

"मी? आता?"

"मग मी जाऊ? मला गाडीतलं काय कळतं?"

मधली आत गेली. आबा बाकड्यावर बसले होते. हातात एक जुना प्लग होता आणि ते तो बोटांत फिरवत होते. ती समोर एका डब्यावर बसली, त्यांना तिचं तोंड दिसेल अशी.

"ठकीचंच फक्त," त्यांनी विचारलं, "की गिऱ्हाइकांच्या गाड्यांचंही?"

हाच प्रश्न त्यांनी विचारू नये म्हणून ती मनातल्या मनात हात जोडून आली होती.

"त्यांचंही."

"सगळ्यांचं?"

"ज्यांचं पुढे राहिलेलं असेल त्यांचं."

"म्हणजे सगळ्यांचं." आबांनी प्लग खाली ठेवला. "लोक माझं नाव घेऊन यायचे आणि तुझं काम घेऊन जायचे."

"काम तुमचंच, आबा. पॉइंटमधली फट तुम्ही लावता, कार्बोरेटर तुम्ही बसवता. माझं शेवटचं केसभर."

"केसभरासाठीच येतात गं लोक. बाकीचं कुणीही करतं."

बाहेर धाकटा आणि थोरला हळू आवाजात काहीतरी बोलत होते. आबांना ते ऐकू येत नसणार हे तिला एकदम जाणवलं, आणि ते सगळं आपल्याला ऐकू येतंय याचीच तिला लाज वाटली.

"मला इंजिन ऐकू येतं," आबा म्हणाले. "खोटं नाही सांगत. धडधड येते, मिसिंग कळतं, व्हॉल्व्हची टकटकही कळते जरा. फक्त ती बारीक खडखड... गेल्या वर्षी कधीतरी माझ्या लक्षात आलं, की आता मी फिरवतो आणि खडखड येतच नाही. कितीही पुढे नेलं तरी नाही." ते हसले, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "मला वाटलं, हात बसला. म्हटलं, या वयात का होईना, हात असा बसला की इंजिन कुरकुरच करत नाही."

रडायचं नाही असं तिने ठरवलं होतं, कारण ती रडली असती तर आबांना तिची समजूत काढावी लागली असती, आणि आज ते काम त्यांचं नव्हतं.

"बोलली का नाहीस?"

"कसं बोलू? तुम्ही 'झालं' म्हणता तेव्हा तुमचा चेहरा कसा असतो ते तुम्हाला माहीत नाही."

"आणि मी जेवून झोपलो की तुझा चेहरा कसा असतो?"

"चोरासारखा," ती म्हणाली. "आबा, मला ते आवडत नव्हतं. एकदाही आवडलं नाही."

आबांनी मान डोलावली. बाकड्यावर हात टेकून ते उठले. "कानामागून आली आणि तिखट झाली," ते म्हणाले, आणि त्यात राग किती आणि थट्टा किती ते तिला ठरवता आलं नाही. "तू कशी लावतेस? कानानेच?"

"आधी कानाने. आता लाइटने."

"कसली लाइट?"

ऑइलच्या डब्यांमागे फडक्यात गुंडाळलेली टायमिंग लाइट तिने बाहेर काढली. पिस्तुलासारखी मूठ, पुढे भिंग, मागे वायरी. आबांनी ती ओळखली. असल्या लाइटा विकायला माणसं गॅरेजात यायची तेव्हा आबा त्यांना चहा पाजून परत पाठवायचे. "दिवा लावून आवाज शोधणारी मंडळी," असं म्हणायचे.

त्यांनी ती हातात घेतली, वजन पाहिलं, वायरी पाहिल्या.

"चल," ते म्हणाले. "डोळे अजून शाबूत आहेत माझे."

ते दोघं बाहेर आले तेव्हा बाकीच्यांचे चेहरे परीक्षेच्या निकालाला आल्यासारखे झाले होते. आबांनी कुणालाच काही विचारू दिलं नाही. "धाकट्या, गाडीत बस. चालू कर, गरम होऊ दे. रेसला पाय लावायचा नाही, तुझा पाय जड आहे. थोरल्या, तू चाकामागे दगड लाव." थोरल्याने कडक इस्त्रीच्या बाह्या सरसावल्या आणि मुकाट्याने दगड शोधायला गेला. वहिनीने तोंड फिरवून हसू दाबलं.

ठकी दोनदा खोकली आणि सुरू झाली.

मधलीने इंजिनाच्या पुढे फिरणाऱ्या पुलीवरचा तेलाचा थर फडक्याने पुसला होताच. तिथली खाच दिसावी म्हणून गाडी चालू व्हायच्या आधीच तिने तिच्यात खडूने पांढरी रेघ भरली होती. हवेच्या ओढीने टायमिंग हलू नये म्हणून तिने डिस्ट्रिब्युटरची बारीक नळी काढून तिच्या तोंडात खिळा खोचला. लाइटच्या दोन वायरी बॅटरीला लावल्या, तिसरीचा चिमटा पहिल्या प्लगच्या वायरीवर बसवला.

"आता पहिल्या प्लगला ठिणगी पडली की ही लाइट चमकणार," ती आबांच्या समोर येऊन म्हणाली. "पुलीवर धरा. पंख्यापासून हात लांब."

"पंखा मला शिकवू नकोस."

आबांनी वाकून खटका दाबला. लाइट तडतड चमकायला लागली. आबा बघत राहिले. पुली गरगर फिरत होती, पट्टा सळसळत होता, आणि त्या चमकेत खडूची पांढरी रेघ मात्र एका जागी उभी होती. जणू इंजिन बंदच होतं. शेजारी इंजिनाच्या अंगावर अंशांच्या खुणा होत्या, आणि रेघ शेवटच्या खुणेच्याही पुष्कळ पलीकडे होती.

खरं तर मधलीने गुरुवारी टायमिंग लाइटनेच बरोबर बसवलं होतं. पण आता लाइट लावायच्या आधी आबांनी बोल्ट सैल करून दोन्ही ओरखडे परत एका रेघेत आणले होते आणि बोल्ट आवळला होता, म्हणजे टायमिंग पुन्हा मागच्या रविवारी होतं तिथेच आलं होतं. आता लाइटमध्ये त्यांना त्यांचंच काम दिसत होतं.

त्यांनी बराच वेळ खटका सोडला नाही.

"एवढं?" ते म्हणाले.

मधलीने मान डोलावली.

"मागच्या रविवारी पोरगं असंच घेऊन गेलं घाटात?"

"हो."

आबांनी गाडीत बसलेल्या धाकट्याकडे पाहिलं. धाकटा काच खाली करून कानोसा घेत होता. "पाय जड नाही रे तुझा," आबा मोठ्याने म्हणाले. धाकट्याने उगाचच आरसा सरळ केला.

"घे आता मागे," आबा मधलीला म्हणाले. "मी लाइट धरतो. मी थांब म्हटलं की थांब."

तिने बोल्ट सैल केला आणि डिस्ट्रिब्युटर दोन्ही हातांत धरला. तो गरम होता. ती फिरवत गेली तशी इंजिनाची चाल थोडी मंदावली, धडधड खाली बसली. आबा ओणवे होऊन बघत होते. नेहमी या वेळी त्यांचे डोळे मिटलेले असायचे.

"अजून. अजून. हळू... थांब. गेलीस पुढे. म्हणजे मागे. परत ये. थांब! आवळ."

तिने बोल्ट आवळला. आवळताना डिस्ट्रिब्युटर हलतो, म्हणून आबांनी परत लाइट धरून पाहिलं. रेघ खुणेवर होती. मधलीने वायरी सोडवल्या आणि नळी परत जोडली.

"आई, चहा गार झाला असेल," वहिनी म्हणाली.

"गारच दे सगळ्यांना," आई म्हणाली. "घाटात लवकर पोचतील."

निघताना आबांनी किल्ली मधलीच्या हातात दिली. धाकट्याचा हात आपोआप पुढे आला होता, तो त्याने खिशात घातला. आई आणि वहिनी आत्याची खोली लावायला घरी थांबल्या. दोघे भाऊ मागे हौद्यात बसले, गोणपाटांवर. थोरला किती वर्षांनी हौद्यात बसत होता कुणास ठाऊक. पहिल्या खड्ड्यालाच त्याने काठ घट्ट पकडला आणि धाकट्याने त्याला एक गोणपाट दुमडून दिलं.

सपाटीवर ठकी सुरेख चालली. आबा पुढे बसले होते, काच बंद. मधली सवयीने बोलणार होती, पण रस्त्यावरून नजर काढून त्यांच्याकडे तोंड केल्याशिवाय बोलून उपयोग नव्हता. म्हणून ती गप्प राहिली. तेही गप्प राहिले. वर्षभर दोघं एकाच इंजिनावर काम करत होते आणि एकमेकांशी त्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. त्या मानाने ही शांतता सोपी होती.

घाट लागला. पहिलं वळण, दुसरं. तिने गिअर बदलला, इंजिनावर ओझं आलं, आणि तिचे कान आपोआप टवकारले. काही नाही. तिसऱ्या वळणाला चढ एकदम उभा होता. मागे दोन माणसं, दोरखंड, हत्यारांची पेटी. ती रेस देत गेली.

आणि वळण संपता संपता तिला तो आवाज आला. फार बारीक. खडखड म्हणावी इतकाही नाही, कुणी दूरवर मुठीत मणी चाळवावेत तसा. चढ सुटला की तो गेला. गाडीच्या पुस्तकातला टायमिंगचा आकडा आणि चाळीस वर्षं झिजलेलं इंजिन यांचं तंतोतंत जुळणार नाही, हे तिला माहीत होतं.

आबा रस्त्याकडे बघत नव्हते. ते तिच्या तोंडाकडे बघत होते.

"वाजतंय का?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं. एवढ्याने इंजिन फुटलं नसतं. ती वर पोचली असती, माग चढवताना सगळे गुंतलेले असताना तिने बोनेट उघडून गुपचूप जरा मागे घेतलं असतं, आणि आबांनी खुणेवर आणलेली रेघ त्यांच्या लेखी खुणेवरच राहिली असती. तिचे हात या कामाला सरावलेले होते.

तिने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि त्यांच्याकडे तोंड केलं.

"वाजतंय."

"कुठे?"

"वळणाच्या शेवटी, पूर्ण ओझं असताना. चढ सुटला की बंद होतं."

"जोरात?"

"नाही. अगदी थोडं."

आबांनी दार उघडलं. "पाना घे. तेरा नंबर."

हौद्यातून थोरल्याचं डोकं वर आलं. "काय झालं? तापली का? मी म्हटलं होतं—"

"काही तापलं नाही," आबा बोनेट उचलत म्हणाले. "तिला ऐकू आलं."

थोरला परत गोणपाटावर टेकला.

मधली वाकली, बोल्ट सैल केला. लाइट घरी राहिली होती आणि आता तिची गरजही नव्हती. "किती घेऊ?" तिने विचारलं. अंदाज तिला होता. वर्षभर तिने हेच केलं होतं. तरी तिने विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली.

आबांनी डिस्ट्रिब्युटरवर आपली दोन बोटं ठेवली, तिच्या बोटांच्या शेजारी. "आतला रोटर ज्या बाजूला फिरतो त्या बाजूला. माझ्या नखाच्या जाडीएवढं. चढावरची खडखड असली आणि चढ सुटताच जात असली, तर त्याहून जास्त लागत नाही." त्यांनी अंगठ्याचं नख तिथे टेकवून धरलं. तिने नखापर्यंत फिरवलं. "बस. आवळ."

परत निघाल्यावर पुढचं वळण आलं. मागच्याहून उभं. आबांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिने शेवटपर्यंत रेस दिली, कान देऊन ऐकलं आणि त्यांच्याकडे बघून मान हलवली. नाही.

"खरं?"

"खरं."

त्याच्या पुढच्या वळणाला त्यांनी विचारलं नाही, फक्त पाहिलं. त्याच्या पुढच्याला पाहिलंही नाही.

वरच्या खिंडीच्या जरा अलीकडे मागची काच वाजली. धाकटा वाकून आत बघत होता आणि खुणेने विचारत होता, आबांना काय झालं? मधलीने शेजारी पाहिलं. आबांचं डोकं खिडकीला टेकलं होतं, तोंड किंचित उघडं होतं, चष्मा नाकावरून घसरला होता. आयुष्यात कधी चालत्या गाडीत त्यांचा डोळा लागला नव्हता. दुसऱ्याच्या गाडीत, एसटीत, कुठेही बसले तरी ते इंजिन ऐकत बसायचे आणि उतरताना ड्रायव्हरला दोन गोष्टी सांगून उतरायचे.

तिने एक हात सोडून त्यांचा चष्मा अलगद काढला आणि समोरच्या कप्प्यात ठेवला. मग आरशातून धाकट्याला खूण केली, की झोपलेत, झोपू दे. आणि गिअर बदलून ती वर निघाली, ठकीचं ऐकत.